लाल पिंपांची हद्द

मला पोहता येत नव्हतं. तरीही धरणाच्या पाण्यावर राखण करायची नोकरी मला मिळाली, ती केवळ अक्षरामुळे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी छडी हातात घेऊन माझ्याकडून अक्षर गिरवून घेतलं होतं. अर्ज पाहून मुलाखतीचे साहेब म्हणाले, "हा अहवाल चांगले लिहील." पाण्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या, आणि आमच्याकडे सरकारी नोकरीला नाही म्हणायची पद्धत नव्हती.

मुळा नदीचं पाणी धरणात अडायला लागून थोडेच पावसाळे झाले होते. राहुरीहून सायकल मारत गेलं की चढावर एकदम ते पाणी दिसायचं. आमच्या दुष्काळी डोळ्यांना तो समुद्रच. त्या पाण्यात बाहेरून आणलेलं माशांचं बी सोडलं होतं आणि त्यासोबत नियमही आले होते. भिंतीजवळ मासेमारी बंद. वरच्या अंगाला, जिथं नदी येऊन धरणात मिळते, तो उथळ भागही बंद, कारण मासे अंडी घालायला तिकडं चढतात. बंदी पावसाळ्यापुरती नव्हती, बारा महिन्यांची होती. मधलं खोल पाणी मात्र खुलं. परवाना असेल त्यानं तिथं खुशाल जाळं टाकावं.

हद्द कळावी म्हणून डांबराची रिकामी पिंपं लाल रंगवून, तारेनं दगड बांधून पाण्यात सोडली होती. पिंपांच्या वरच्या अंगाला कुणी दिसलं की मी काठावरून शिट्टी वाजवायची, नाव लिहायचं, तरीही हलला नाही तर जाळं जप्त करायचं. एवढंच माझं काम.

पहिल्याच आठवड्यात मी एका म्हाताऱ्याला अडवलं. भोयांची वीस-बावीस घरं धरणाखाली गेली होती आणि ती माणसं वरच्या माळावर पत्रे टाकून राहत होती. हा त्यांच्यातला सगळ्यात जाणता माणूस. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड छातीखाली घेऊन तो पाण्यात पालथा पडला होता आणि हातांनी वल्हवत जाळं सोडत होता. मी शिट्टी वाजवली तसा सावकाश काठाला आला.

"बाबा, हे बंद पाणी आहे. पिंपं दिसत नाहीत का?"

त्यानं मागं वळून पिंपाकडं पाहिलं. "दिसत्यात की. पन सायेब, काल ह्ये पिंप त्या बाभळीच्या शेंड्यापाशी हुतं. आज हितं आलंय. मी काल हद्दीभाईर हुतो, आज आत कसा?"

मला तो चेष्टा करतोय असं वाटलं. मग दोन दिवस मी लक्ष ठेवलं. पाणी उतरलं की पिंपांच्या तारा सैल पडत आणि वारा सुटला की पिंपं चांगली पन्नास-साठ पावलं सरकत. त्याचं खरं होतं. मी ऑफिसला तसं कळवलं. उत्तर आलं की हद्द नकाशावर कायम आहे, पिंपं केवळ मार्गदर्शक आहेत. तो नकाशा ऑफिसच्या कपाटात होता. मलाही तो कधी पाहायला मिळाला नाही.

म्हाताऱ्याचा एकच मुलगा होता. तिशीच्या आतला, बुटका, रुंद खांद्यांचा, फार न बोलणारा. त्याची बायको सातवी शिकलेली, पदरात एक तान्ही मुलगी. त्या वस्तीत ती एकटीच वाचू शकत होती. डोक्यावर पाटी घेऊन ती राहुरीच्या बाजारात मासे विकायची, कधी घोडेगावच्या बाजारापर्यंतही जायची. तिच्या शिक्षणाचं म्हाताऱ्याला फार कौतुक. कुठलाही सरकारी कागद आला की तो म्हणायचा, "थांबा, सूनबाईला येऊ द्या."

मुलगा नियम पाळणारा होता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं जे कागदावर गेलं ते वेगळं होतं. बापासारखा तो वाद घालत नसे. मी शिट्टी वाजवली की सांगड वळवून निघून जायचा.

त्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराचा सुमार होता. तो वरच्या उथळ पाण्यात जाळं लावत होता, दुसरे दोघं थोडे पलीकडं. त्याच आठवड्यात साहेबांनी मला झापलं होतं की तुझ्या वहीत नावंच कशी नाहीत. मी शिट्टी वाजवली. ते दोघं ऐकून न ऐकल्यासारखं करून राहिले. हा मात्र काठाशी आला.

"सायेब, मधी वारं लई हाय आज."

"मग उद्या जा. इथं थांबलात तर नाव लिहावं लागेल."

उद्या राहुरीचा बाजार होता, आज मासळी धरली नाही तर त्याच्या बायकोची पाटी रिकामी जाणार, हे मलाही माहीत होतं. त्यानं जाळं गुंडाळून पाठीवर टाकलं आणि पिंपं ओलांडून मधल्या, खुल्या पाण्याकडं निघाला. मी वहीत लिहिलं : समज दिल्यावर हद्दीबाहेर गेला. असं लिहिताना मला बरं वाटलं होतं.

मधल्या पाण्यावर दुपारच्या आत वारं किती चढतं, हे मला तोवर कळलं नव्हतं. कळलं असतं तरी मी काय केलं असतं, याची खात्री आज देता येत नाही. लाटा उठल्या. काठावरून त्याचं डोकं दिसायचं, दिसेनासं व्हायचं, पुन्हा दिसायचं. मग सांगडीचे भोपळेच तेवढे तरंगताना दिसले. मी शिट्टी वाजवत राहिलो. दुसरं काही मला करता येत नव्हतं. ते दोघं, ज्यांनी माझं ऐकलं नव्हतं, ते सांगडी घेऊन धावले. पण मधे जाऊन हात हलवत परत आले.

तिसऱ्या दिवशी तो वर आला. पाय स्वतःच्याच जाळ्यात गुंतले होते.

मी माळावर गेलो होतो. न जाऊन कसं चालेल? म्हातारा पत्र्याच्या सावलीत बसला होता. मी जवळ बसलो तेव्हा म्हणाला, "तुमी शिट्टी वाजीवली. त्यानं आयकली. आता हितून पुढं कोन आयकंल, सायेब?"

आणि खरंच पुढं कुणीच ऐकलं नाही. माझी शिट्टी वाजली की बायका काठावर कपडे धुताना हसायच्या. गडी उथळ पाण्यातून मान वर करत नसत. पिंपांवर धुणी वाळत घातलेली असायची. मी नावं लिहायचो. वही भरत गेली तसं ऑफिस अस्वस्थ झालं, आणि एक दिवस जाडजूड लिफाफा आला : मच्छीमार निर्बंधित क्षेत्राचे नियम का पाळत नाहीत, याबाबत प्रत्यक्ष चौकशी करून सविस्तर अहवाल सादर करावा.

मला आनंद झाला. आता कुणीतरी विचारतंय, असं वाटलं. मी तीन दिवस माळावर जाऊन बसलो. पहिल्या दिवशी कुणी बोलेना. मग सून गुळाचा कोरा चहा घेऊन आली. नवरा जाऊन तीनच महिने झाले होते. तिनंच सासऱ्याला सांगितलं, "सांगा की त्यास्नी. लिवून नेनार हायेत तर सांगा."

म्हातारा बोलायला लागला आणि मग सगळेच बोलले. खोल पाण्यात जायचं तर होडी पाहिजे. होडी कुणाकडं आहे? आमची सांगड नदीची. नदीत गळ्याइतक्या पाण्यात बाप-आजा मासा धरत आले. जाळी नदीच्या मापाची, दीड पुरुषापलीकडं जात नाहीत. मधल्या पाण्यात टाकली तर मासा खालून जातो. मासा काठाला चरायला येतो आणि काठच तुम्ही बंद केला. अंड्यांचं म्हणाल तर आम्हाला कुणी शिकवायला नको.

"आखाड लागला की आमी जाळी आड्याला टांगतो," म्हातारा म्हणाला. "गाभोळीचा मासा धरला तर बिरादरीत दंड हुता आमच्यात. तुमचं धरन व्हायच्या आधीपासून. तेवढे दीड-दोन म्हैने बंद करा, आमीच राखन करू. पन बारा म्हैने बंद? मासा काय बारा म्हैने बाळतीन असतो व्हय?"

सगळे हसले. सूनही हसली, तोंडावर पदर घेऊन.

"आन् जिथं हद्दी आखताय," तो म्हणाला, "तिथं आमचा डोह हाय खाली. मोठ्या वडाखालचा. त्यातली कपार न् कपार माझ्या हाताला ठावी हाय. आखताना येकदा इचारलं असतं तर काय तोंड झिजलं असतं का?"

मी सात पानी अहवाल लिहिला. पिंपं सरकतात हे लिहिलं. वारा लिहिला, होड्या नाहीत हे लिहिलं, आखाडाची त्यांची स्वतःची बंदी लिहिली. आणि शेवटी लिहिलं की नियम पाळून खोल पाण्यात गेलेला एक मच्छीमार बुडून मेल्यापासून या लोकांचा नियमावरचा विश्वास उडाला आहे. इतकं चांगलं अक्षर मी कधी काढलं नव्हतं.

साहेबांनी तो माझ्यासमोरच वाचला. रागावले नाहीत. रागावले असते तर कदाचित मीही ताठ झालो असतो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"छान लिहितोस. पण हे त्यांचं वकीलपत्र झालं. यात चूक कुणाची निघते?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आखणीची. म्हणजे माझी. आणि तो माणूस मेला, त्याला तिकडं पाठवलं कुणी? तूच लिहिलंयस तुझ्या वहीत. उद्या चौकशी लागली तर पहिला तू जाशील. तुझं अजून कायमपणाचं पत्रही आलेलं नाही."

मग त्यांनी लाल पेन्सिलीनं दोन पानांत मजकूर करून दिला. मच्छीमार अशिक्षित व परंपरेला चिकटून आहेत. कष्टाची तयारी नसल्याने खोल पाण्यात जाणे टाळतात. दारूचे व्यसन सर्रास आहे. मागील दुर्घटनाही मद्यप्राशन करून पाण्यात उतरल्यामुळेच घडली.

"हे नको साहेब," मी एवढंच म्हणालो. "तो पीत नव्हता."

"तू त्याच्या तोंडाचा वास घेतला होतास का?"

मी घरी येऊन ती दोन पानं उतरवून काढली. वडील शेजारीच आरामखुर्चीत होते. म्हणाले, "काय सुरेख वळण आहे तुझं." मी सही केली. कुणी माझा हात धरून करवून घेतली नाही.

महिन्याभरात आदेश आला : माळावरच्या सगळ्यांचे परवाने रद्द. सोबत कारणं म्हणून अहवालाची नक्कल जोडलेली. आणि हा आदेश मच्छीमारांना पोचवून पोच घ्यायचं काम माझंच होतं. नक्कल काढून घेऊन नुसता आदेश द्यावा, असा विचार वाटेत सायकल थांबवून मी केला होता. पण पोचपावतीवर 'सहपत्रासह' असा शब्द छापलेला होता आणि मी भित्रा माणूस.

म्हाताऱ्यानं कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मोठ्या आशेनं हाक मारली, "सूनबाई, ये. सायबांनी लिवलेलं आलंय."

माणसं जमली. ती ओसरीच्या कडेला उभी राहून वाचायला लागली. शाळेतल्या मुलीसारखं, एकेक शब्द तोडून, मोठ्यानं. आदेश वाचून झाला तसा गलका झाला. मी निघायला वळलो. पण ती थांबली नव्हती. तिनं पुढचं पान उलटलं. अशिक्षित वाचलं. कष्टाची तयारी नसल्याने वाचलं. मद्यप्राशन या शब्दाशी ती अडली, तो तिला येत नव्हता. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "म्हंजी?"

तिनं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मनातल्या मनात. तिला समजलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं. मग तिनं खालची सही पाहिली.

"त्ये पीत न्हवते," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. "तुमच्यासंगं बोलून ग्येले ना त्ये? तुमाला म्हाईत हाय."

म्हातारा नुसता विचारत होता, "काय लिवलंय? अगं काय लिवलंय?" तिनं कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि पोचपावतीवर आपल्या हातानं सही केली. सासऱ्याला तिनं तेव्हा सांगितलं की नंतर, मला ठाऊक नाही.

त्यानंतर मी जाळी जप्त केली. दोन शिपायांना सोबत घेऊन, घराघरांतून. ती कोठारात पडली आणि उंदरांनी खाल्ली.

मग बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी इतकं उतरलं की लाल पिंपं भेगाळलेल्या गाळात आडवी पडली. वरचा भाग धरणापासून तुटला आणि तिथं, बंद हद्दीच्या मधोमध, म्हाताऱ्याचा तो जुना डोह उघडा पडला. वड वाळून काळा झाला होता. खाली दहा-पंधरा खणांएवढं हिरवट पाणी आणि त्यात कोंडलेला सगळा मासा. मोठमोठे कटला आणि रोहू पाठी वर काढून फिरत होते.

माळावरची माणसं तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. म्हातारा एका दुपारी कामावरून उठून माझ्याकडं आला. त्या कागदानंतर पहिल्यांदाच. डोळा सुजलेला, खडीची कपची उडून लागलेली.

"सायेब, डोह पंधरा दिस टिकंल. मासा मरनारच हाय. मरायच्या आदी धरू द्या. आमाला नको, कामावरच्या समद्यांच्या तोंडात घास घास पडंल. जमलंच तर थोडा जिता मासा मडक्यातून खालच्या पान्यात न्हेऊन सोडतो."

मला ते पटलं. त्या वेळी मी 'धरा' म्हणालो असतो तर कोण बघायला येणार होतं? साहेब नगरला बसलेले. पण मी म्हणालो, "परवानगी मागवतो." आणि मागवली. तातडीचं असं वर लिहून, दोनदा रेघ मारून.

उत्तर यायच्या आत मासा मेला. आधी सकाळी चार-दोन उलटे दिसले, मग एका दिवसात सगळा डोह पांढरा झाला. दुर्गंधी राहुरीच्या रस्त्यापर्यंत यायला लागली तेव्हा मात्र हुकूम त्याच दिवशी आला : रोगराईचा धोका, मेलेले मासे तात्काळ पुरून टाकावेत. मुकादमानं खडीवरची माणसं काढून पाठवली, आणि पाण्याची सवय असलेली म्हणून नेमकी माळावरची. म्हातारा होता, सून होती. तोंडाला फडकी बांधून त्यांनी दोन दिवस खड्डे खणले आणि घमेल्यांनी मासा वाहून टाकला. मी हजेरीची वही घेऊन वाऱ्याच्या उलट बाजूला उभा होतो.

दुसऱ्या दिवशी म्हातारा एक मोठा मासा दोन्ही हातांत धरून माझ्यापर्यंत चालत आला. पोट फुटलं होतं आणि आतून पिवळी गाभोळी लोंबत होती.

"ह्येच्यासाठी हुती ना हद्द?" तो म्हणाला.

मासा त्यानं माझ्या पायाशी ठेवला नाही, फेकलाही नाही. परत नेऊन खड्ड्यातच टाकला.

परवानगीचं उत्तर त्यानंतर आठवड्यानं आलं. नियमात तशी तरतूद नव्हती.

पुढं पाऊस झाला, धरण भरलं. मासेमारीचा ठेका बाहेरच्या एका बड्या माणसाला गेला, त्याच्याकडं होड्या होत्या. त्याची माणसं वरच्या पाण्यात सर्रास जाळी लावत आणि मला तिकडं न फिरकण्याबद्दल तोंडी सूचना होती. माळावरची घरं एकेक करून उठली. मला कायमपणाचं पत्र मिळालं, बहिणींची लग्नं झाली.

काही वर्षांनी बदलीवर श्रीगोंद्याकडं असताना मी काष्टीच्या बाजारात गेलो होतो. सुकटीच्या वासाच्या रांगेत ती बसलेली दिसली. पुढ्यात बोंबील आणि सुकट, मुंबईकडून आलेली. मी पुढं गेलो असतो. पण तिनंच ओळखलं.

"या सायेब."

मी म्हाताऱ्याची चौकशी केली. दोन वर्षांपूर्वी गेला, म्हणाली. विहिरीच्या कामावर होता, दम लागला आणि बसल्या जागी गेला. मी उकिडवा बसलो. आजूबाजूला गिऱ्हाईक होतं, तरी म्हणालो, "बाई, ते जे मी लिहिलं होतं तुमच्या मालकांबद्दल, ते खोटं होतं."

"त्ये मला म्हाईत हाय," ती बोंबील निवडत म्हणाली. "तुमाला बी म्हाईत हुतं." मग हात थांबवून तिनं वर पाहिलं. "माजी ल्येक आता शाळंत जाती. वस्तीवरचं कुनी तरी तिला म्हनलं, तुजा बा दारू पिऊन बुडाला. सरकारी कागदात हाय म्हनं. तुमी खरं लिवून द्या की येकदा. तुमच्याच अक्षरात. खाली सई करून."

माझ्या खिशाला पेन होतं. कागद समोरच्या दुकानात मिळाला असता.

"बघतो," मी म्हणालो.

तिनं बोंबील पुन्हा पुढ्यात ओढले. मग माझ्यामागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बोला मामा, किती देऊ?"